जरा उशिरा पेटणारे दिवे

चैत्र लागला की भोर-वेल्ह्याकडे जत्रांची रांग लागते. दिवसा पालखी, उन्हं कलली की कुस्त्या आणि रात्री तमाशा नाहीतर ऑर्केस्ट्रा. गावची मंडळी पुढची जागा धरायला सतरंजी अंथरून ठेवतात. मी मात्र मांडवाच्या शेवटच्या टोकाला, लाईटवाल्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसतो. तिथून नाच निम्माच दिसतो, पण नाचवणारा अख्खा दिसतो.

हा लाईटवाला बहुतेक वेळा विशी-पंचविशीतला पोरगा. गळ्यात गमछा, कानात एकच इअरफोन, आणि चहाचा कागदी कप बरोबर तिथे ठेवलेला जिथे तो ठेवू नये म्हणून मालकानं शंभरदा बजावलेलं असतं. समोरचं कन्सोल लंडनच्या अॅव्होलाइट्सचं, किंवा हुबेहूब तसं दिसणारं. जत्रेत एवढी चौकशी करू नये. त्यातून स्टेजकडे जाणाऱ्या तारेत 512 चॅनेल बसतात आणि प्रत्येक चॅनेलला शून्य ते 255 एवढेच आकडे कळतात. डीएमएक्स 512 नावाचा हा शिरस्ता अमेरिकेतल्या रंगतंत्रज्ञांनी 1986 साली घालून दिला. शार्पी म्हणजे मान हलवत उजेडाचा सडपातळ झोत, म्हणजे बीम, सोडणारा दिवा. एक शार्पी सोळा चॅनेल खात असेल, तर एका तारेवर 32 शार्पी बसतात. गावच्या वर्गणीत आठ बसतात.

आता हे आठ नाचवायचे. नवशिका असेल तर तो एकेका दिव्याला वेगळं काम नेमून देत बसतो आणि त्याचं नेमून होईपर्यंत गाणं संपतं. जाणता पोरगा आठांनाही एकच हुकूम सोडतो: हळूहळू उजळा, हळूहळू मंदावा. आठही एकदम उजळतात, एकदम मंदावतात. शाळेतली कवायत. मग तो फेज नावाचं एक चाक बोटानं जरासं सरकवतो. दुसरा दिवा पहिल्याच्या 45 अंश मागे, तिसरा दुसऱ्याच्या 45 अंश मागे, असं करत आठात 360 अंश वाटून टाकले की उजेडाची लाट स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायला लागते. पोरं शिट्ट्या मारतात. दिवा एकही वाढलेला नसतो, हुकूमही तोच. प्रत्येकाला आपापला उशीर तेवढा वाटून दिलेला असतो.

बीमचा गोल फिरवायचा तरी तीच युक्ती. दिव्याची मान डावी-उजवी हलते ती एक लाट, वर-खाली हलते ती दुसरी. दोघींत 90 अंशांचा फरक ठेवला की आभाळात वर्तुळ उमटतं, आणि फरक काढून घेतला की नुसती तिरपी रेघ. दहावीला साइन-कोसाइन शिकवताना मास्तरांनी एवढं जरी सांगितलं असतं, तरी मागच्या बाकावरची निम्मी मुलं पुढे येऊन बसली असती.

कन्सोलवाचून हे होतच नाही, असं मात्र नाही. कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात 1959 साली ‘अंगार’ नाटकात प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत चढत जाणारं पाणी निव्वळ उजेडानं उभं केलं होतं.

पण जत्रेतल्या दिव्यांच्या उशिराचं एवढं भांडवल होऊ शकतं हे बघून आमच्यासारख्यांना जरा धीर येतो. उशीर आमच्याकडे मुबलक आहे. आठचा कार्यक्रम दहाला सुरू होतो. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायला मंत्रिमंडळानं 2024 साली मंजुरी दिली, पण एसटीत शेजारचा माणूस अजून ‘वेल्ह्याला उतरायचंय’ असंच म्हणतो. तरीही आमच्या उशिराची लाट काही होत नाही, नुसता खोळंबा होतो. कारण आमच्यात कोणी दहा मिनिटं मागे, कोणी दोन तास, आणि कोणी ‘निघालोच’ म्हणून घरीच. मागे राहायलाही शिस्त लागते.

ती शिस्त बघायची तर पावसाच्या तोंडावर राजगड-तोरण्याच्या पायथ्याला जावं. एखादं झाड काजव्यांनी भरून जातं. प्रत्येक जण शेजाऱ्याचं लुकलुकणं बघून आपलं जमवून घेतो आणि बघता बघता सगळं झाड एका ठेक्यात उघडझाप करू लागतं. तार नाही, जनरेटर नाही, वर्गणी नाही. मग पुण्याहून आलेली गाडी ते नीट दिसावं म्हणून हेडलाईट लावते, आणि काजवे आपला कार्यक्रम आवरता घेतात.

शार्पीचा बीम दिसायला हवेत काहीतरी लागतं, नुसत्या स्वच्छ हवेत तो दिसत नाही. शहरात त्यासाठी हेझ मशीन भाड्यानं आणतात. इकडे चैत्रात कुस्तीच्या आखाड्याची धूळ आणि पालखीचा गुलाल रात्रीपर्यंत तरंगत असतो, आणि गणपतीत वेल्ह्याचं धुकं फुकट येतं, तेही मांडवाच्या आतपर्यंत. जनरेटर मात्र भाड्यानंच आणावा लागतो. भाटघरला जलविद्युत केंद्र आहे, पण नेमकी लावणीला ढोलकी चढली की गावातली लाईट मान टाकते.

एवढ्या सगळ्या कलेचा कस लागतो तो सत्काराच्या वेळी. निवेदक गाणं थांबवतो, हातात यादी येते, आणि लाईटवाल्याला नुसता पांढरा, स्थिर उजेड द्यायचा असतो. लाट नको, गोल नको, रंग तर नकोच नको. पोराची बोटं वळवळतात. यादीतली नावं संपता संपत नाहीत. शेवटी मुख्य पाहुण्यांच्या खांद्यावर शाल पडायच्या ऐन क्षणी त्याला राहवत नाही आणि तो स्ट्रोब सोडतो. टाळ्या पडतात, पण फोटोग्राफर कपाळाला हात लावतो. त्याच्या एका फोटोत पाहुणे आहेत तर शाल नाही, दुसऱ्यात नुसता नारळ आलाय. मग निवेदक माइकवरून ‘लाईटवाले दादा’ अशी साद घालतो, ‘दादा’वर जरा जास्तच जोर देऊन. दिवे निमूट पांढरे होतात. शाल काढून, घडी घालून पुन्हा पहिल्यापासून पांघरली जाते, आणि या खेपेला पाहुणे कोणी न सांगता तोंड शार्पीकडे करून उभे राहतात.