पचनाचे श्रेय

माणसाच्या अंगावरचे आणि अंगातले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात. त्यांची संख्या शरीराच्या पेशींच्या दहापट आहे, असे बरीच वर्षे बिनदिक्कत सांगितले जाई. 2016 साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी हिशेब नव्याने मांडला, तेव्हा जिवाणू सुमारे 38 लाख कोटी आणि पेशी सुमारे 30 लाख कोटी भरल्या. म्हणजे मामला जवळपास बरोबरीचा. या सगळ्या जिवाणूंचे मिळून वजन साधारण 200 ग्रॅम. वजनकाट्यावरचे जास्तीचे किलो त्यांच्या खाती टाकण्याची सोय त्यामुळे गेली. प्रस्तुत लेखकाला ही गणना मुळीच आवडलेली नाही.

जिवाणूंचे मुख्य काम म्हणजे माणसाला न पचलेले खाणे. पचनशक्ती ही मात्र पुरुषवर्ग स्वतःची कर्तबगारी समजतो. कडव्या वालांची उसळ दोनदा वाढून घेऊन ‘आपल्याला काऽही होत नाही’ असे जाहीर करणारा गृहस्थ बहुतेक घरांत सापडतो. लेखकाच्या घरात तो लेखकच आहे. वालात, हरभऱ्यात, राजम्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडणारे विकर माणसाकडे नाही. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात, तिथे जिवाणू त्या आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व काही जणांत मिथेन असे वायू तयार होतात. हे तिन्ही वायू बिनवासाचे. बदनामी होते ती अगदी थोड्या प्रमाणात असलेल्या गंधकयुक्त वायूंमुळे. वाल भिजवून मोड आणले की या शर्करा बऱ्याच कमी होतात. तेव्हा ‘काही होत नाही’ याचे श्रेय आदल्या दिवसापासून वाल भिजत घालून, मोड आणून, नखे दुखेपर्यंत सोलत बसणाऱ्या बाईचे. खाणाऱ्याच्या वाट्याला फक्त तोंड येते, आणि तेही बहुधा बोलण्यात गुंतलेले असते.

भाकरी, पालेभाज्या, कांदा, डाळी यांतल्या तंतुमय भागापासून जिवाणू छोट्या साखळीची मेदाम्ले बनवतात. त्यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे आवडते इंधन. भात शिजवून गार झाला की त्यातल्या स्टार्चचा काही भाग पचायला अवघड होतो आणि जिवाणूंच्या पानात पडतो. फोडणीच्या भाताला मिळालेले हे शास्त्रीय प्रशस्तिपत्र जपून ठेवण्यासारखे आहे. ब्युटिरेट साजूक तुपातही असते, परंतु ते लहान आतड्यातच शोषले जाते. वरणभातावर तुपाची धार धरताना आतड्याचे नाव पुढे करण्यात अर्थ नाही.

दह्याच्या कीर्तीचे मूळ पॅरिसमध्ये आहे. पाश्चर संस्थेतले इल्या मेचनिकॉफ हे रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी 1908 चे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्याचे विष भिनते आणि म्हातारपण येते, असा त्यांचा सिद्धांत होता. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पितात आणि दीर्घायुषी होतात, हे ऐकून त्यांनी स्वतः रोज आंबट दूध घ्यायला सुरुवात केली आणि युरोपात त्याची लाट आली. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन त्याही पुढे गेले: बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच ते काढून टाकू लागले. घरोघर ताक घुसळणाऱ्या मुलखाला या लाटेचे कौतुक वाटायचे कारण नव्हते. तरी नोबेलविजेत्याचा दाखला मिळाल्यापासून मराठी माणूस ताकाचा पेला जरा उंच धरतो. मेचनिकॉफ 1916 मध्ये 71 व्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यांच्या आंबट दुधातला बल्गेरियन जिवाणू आतड्यात मुक्काम करत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. दह्यातले पुष्कळ जिवाणू जठराच्या आम्लात मरतात, उरलेले वाटसरूसारखे निघून जातात. दुधातली साखर न पचणाऱ्यांना दही सोसते, हा फायदा मात्र खरा आहे.

या विषयातली सर्वांत हेलावणारी गोष्ट आईच्या दुधात आहे. लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर त्यात सर्वाधिक असणारा घन घटक म्हणजे काही गुंतागुंतीच्या शर्करा, आणि त्या बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडो जातीच्या जिवाणूंचे अन्न आहेत. स्वतः थकलेली बाई बाळाबरोबर त्याच्या पोटातल्या या बिनओळखीच्या मंडळींनाही पाजत असते.

रोगांच्या बाबतीत सबुरी बरी. लठ्ठ उंदरांचे जिवाणू जंतुरहित उंदरांत सोडले, तर सडपातळ उंदरांचे जिवाणू मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या अंगावर जास्त चरबी चढते, असे 2006 मध्ये अमेरिकेत दिसले. ढेरी बाळगणाऱ्यांना यात सुटकेचा मार्ग दिसला; माणसांत प्रकरण इतके सरळ निघालेले नाही. प्रतिजैविकांचे नुकसान मात्र नि:संशय आहे. सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर या औषधांचा काडीचा उपयोग नाही. तरी ‘मागच्या वेळी हीच दिली होती’ म्हणत मेडिकलमधून पाकीट आणणारे आणि ते मुकाट्याने देणारे, दोघांचाही संताप यावा. प्रतिजैविकांनी आतड्यातली वस्ती उठली की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जिवाणू बळावतो. त्याच्या विषाने होणारी हगवण रुग्णालयातल्या वृद्धांचा जीव घेते.

या हगवणीवरचा एक उपचार म्हणजे निरोगी माणसाची विष्ठा मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडणे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत ती नाकातून घातलेल्या नळीने लहान आतड्यात सोडली. पहिल्याच खेपेत 16 पैकी 13 रुग्ण बरे झाले. केवळ व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक घेतलेल्या 13 जणांपैकी 4. फरक पाहून चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. दाता निवडताना रक्त, विष्ठा, वजन, आजार, अलीकडे घेतलेली औषधे, सगळे तपासतात, आणि बहुतेक इच्छुक नापास होतात. वालाची उसळ पचवल्याचे गुण तिथे धरत नाहीत.