किंग्ज गॅम्बिट, मुक्काम वर्धा

एका अंगाला सेवाग्राम, दुसऱ्या अंगाला पवनार. अशा गावात दुसऱ्याच चालीला कुणी एकदम अंगावर यावं, हे बरं दिसत नाही. पण पुलगावकडचे आमचे एक निवृत्त गुरुजी अंगात खादी घालून बुद्धिबळात किंग्ज गॅम्बिट खेळतात. राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं ढकलायचं आणि समोरच्याला म्हणायचं, घे! विचारलं तर म्हणतात, "हल्ला नाही करत बाप्पा, त्याग करतो."

त्यांचं दैवत अँडरसन. त्यानं १८५१ साली लंडनमध्ये किझेरिट्झ्कीविरुद्ध याच डावात एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केली. एवढा अपरिग्रह सेवाग्रामातही क्वचितच दिसला असेल.

यंदाच्या खुल्या स्पर्धेत गुरुजींसमोर चौथीतली पोरगी आली. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून विदर्भातल्या प्रत्येक आईबापाला आपल्या घरात ग्रँडमास्टर वाढतोय असा संशय आहे. पोरीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिनं प्यादं घेतलं आणि तिसऱ्या चालीला वजिरापुढचं प्यादं एकच घर सरकवलं. गुरुजींनी चष्मा पुसला.

हा फिशरचा काढा. १९६० साली मार देल प्लाता इथं स्पास्कीनं त्याला किंग्ज गॅम्बिटमध्ये हरवलं. पुढच्या वर्षी फिशरनं लेख लिहून हे ओपनिंगच निकालात काढलं. हरल्यावर लेख लिहायची रीत फक्त मराठी साहित्यात आहे, असा माझा समज होता. पुढे तोच फिशर स्वतः किंग्ज गॅम्बिट खेळला, तेही साहित्यिकांना शोभेसंच.

मग पोरीची प्यादी गुरुजींच्या घोड्यावर चालून आली. पुस्तकं म्हणतात, घोडा मुकाट घरी न्यावा. गुरुजींचा घोडा पुढे गेला आणि तिच्या राजाशेजारच्या प्याद्यावर कामी आला. मागोमाग उंट, मग एक हत्ती. पोरगी मारलेली मोहरी शाळेच्या प्रार्थनेसारखी उंचीनुसार ओळीत लावत होती. राजाला शह बरेच मिळाले, मात काही होईना. शेवटी गुरुजींनी घड्याळ थांबवून हात पुढे केला.

बाहेर तिनं विचारलं, "आजोबा, सगळं काहून देऊन टाकलं?"

"तुले लागत होतं न!"

पुढच्या फेरीत गुरुजींना काळी मोहरी. समोरच्यानं क्वीन्स गॅम्बिट मांडला, म्हणजे प्यादं आयतं पुढ्यात. गुरुजींनी ते घेतलं नाही. चहा पिताना म्हणाले, "दुसऱ्याचं फुकट घेत नसतात."