अठरा सूत

भूमिती शिकवणाऱ्या माणसाच्या हाती टेप देऊ नये. जग आपल्याच फळ्यावर आखलेलं आहे, असं त्याला वाटायला लागतं. मी सौंदडला राहतो, शाळेत गणित शिकवतो, आणि काटकोन चुकले म्हणून आजवर बऱ्याच पोरांना बाकावर उभं केलेलं आहे. त्यातली काही पोरं आता लाकूडकामात माझ्यापेक्षा जास्त कमावतात. हे ठाऊक असूनही एका उन्हाळ्याच्या सुटीत मी घरात जाहीर केलं की, स्वयंपाकघराची कपाटं मीच करणार.

निमित्त झालं गोंदियाहून आणलेल्या मॉड्युलर किचनच्या अंदाजपत्रकाचं. ओट्याखालच्या ट्रॉल्या, भिंतीवरची कपाटं आणि कोपऱ्यात एक उंच कपाट, एवढंच काम. आकडा पाहून मी आधी त्यात दशांशचिन्ह शोधलं, मग त्याचं वर्गमूळ काढलं. वर्गमूळ द्यायला मी तयार होतो. दुकानदार तयार नव्हता.

शिवाय लाकूड घरचंच होतं. आजोबांचं मातीचं घर पाडलं तेव्हाचे सागवानी वासे, खांब आणि दारं मागच्या सपरीत रचून ठेवली होती. झाडीपट्टीतल्या माणसाला सागवानाबद्दल बोलतं करावं लागत नाही. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं ते बल्लारपूरहून, आणि आमच्या सौंदड स्टेशनवरून जाणारी गाडी गोंदियाहून निघते ती शेवटी तिथंच पोचते. ज्या रुळांच्या एका टोकाचं लाकूड देवाच्या दाराला चालतं, त्याच रुळांवरच्या मास्तराला डाळ-तांदळाचं दार जमणार नाही? वर्गात अशी सिद्धता कोणी लिहिली असती तर मी शून्य मार्क दिले असते. घरात ती चालून गेली.

जुनी दारं मोडताना एक गोष्ट मी बायकोला मुद्दाम दाखवली. दाराच्या चौकटीत बसवलेल्या फळ्या हलत होत्या, बोटानं ढकललं की खडखडत होत्या. ‘‘बघ, त्या काळी कारागिरी कशी ढिली होती,’’ मी म्हणालो. ती बिचारी ‘‘हो का जी’’ म्हणून भाजी निवडायला निघून गेली.

मी आलेखकागदावर नकाशा काढला, तोही मिलिमीटरमध्ये. त्याआधी वाचन केलं. १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुकार बाईंनी फ्रँकफर्ट शहरातल्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटरची खोली, पण बाईची पावलं वाचतील अशी प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. तसली सुमारे १०,००० स्वयंपाकघरं तिथं बसवली गेली. आजचं मॉड्युलर किचन त्यांच्याच वंशातलं. बाईंनी पुढे सांगून टाकलं होतं की, ही आखणी केली तेव्हा त्यांना स्वतःला स्वयंपाक येत नव्हता. हे वाचून माझा हुरूप दुप्पट झाला. ती पात्रता माझ्याकडे पूर्ण होती.

फरक इतकाच की, फ्रँकफर्टमध्ये तांदळाला ॲल्युमिनियमचा एक छोटा खण पुरत होता. आमचा जिल्हा धानाचा. घरात वर्षाचा तांदूळ भरलेला असतो. कोठी कुठं ठेवायची, हे बायकोनं विचारलं तेव्हा माझा नकाशा शाईनं पक्का करून झाला होता.

मग लाकूड आरा मशीनवर नेलं. जुन्या वाशांतले खिळे काढायचे राहिले होते, त्यामुळे करवतीच्या पात्याचे पैसे आधी भरावे लागले. नंतर मालकानं विचारलं, ‘‘गुरुजी, फळी किती सुताची काढू?’’ माझ्या नकाशात फळीची जाडी १८ मिलिमीटर होती. सूत म्हणजे मिलिमीटरचंच गावठी नाव असणार, असा निष्कर्ष मी तिथं उभ्या उभ्या काढला आणि रुबाबात म्हणालो, ‘‘अठरा.’’

इंचाचे आठ सूत होतात. सुतारांचा सगळा कारभार फूट, इंच आणि सुतात चालतो. माझ्या १८ मिलिमीटरला ते सरळ ‘सहा सूत’ म्हणाले असते. अठरा सूत म्हणजे सव्वादोन इंच. मालकानं एकदा माझ्याकडे, एकदा लाकडाकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, ‘‘बैलबंडीचं काम हाये का जी?’’ मी हो म्हणालो. मास्तर माणूस, चारचौघांत चुकलेलं उत्तर खोडत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच फळ्या पुन्हा चिरायला घेऊन गेलो, तेव्हा त्यानं बंडीचं काय झालं हे विचारलं नाही. एवढं सौजन्य माझ्या शाळेतसुद्धा नाही. दोनदा चिरण्यात आजोबांचा बराचसा खांब भुसा होऊन गेला.

कोपऱ्यातलं उंच कपाट पहिलं तयार झालं. माझा गुण्या त्याला सगळीकडून चिकटून बसत होता. कपाट काटकोनात होतं, भिंत नव्हती. मी एका भिंतीवर ३ फूट, दुसऱ्या भिंतीवर ४ फूट मोजले आणि कर्ण मोजला. तो ५ फूट यायला हवा होता, आला ५ फूट १ इंच. म्हणजे कोपरा ९२ अंशांचा. कागदावर दोन अंश दिसतसुद्धा नाहीत. दोन फूट खोल कपाटाच्या तोंडाशी त्यांची पाऊण इंचाहून मोठी फट होते. ती फट गावातल्या झुरळांना त्याच रात्री कळली.

गावातले म्हातारे सुतार, वाढईबुवा, गंमत पाहायला येऊन बसत. ते म्हणाले, ‘‘भित मिस्त्रीनं बांधली जी गुरुजी, पुस्तकानं नाई.’’ त्यांनी बांबूची एक कामटी मागितली, ती दोन भिंतींच्या मधे खाली, मधोमध आणि वर टेकवून खिळ्यानं तीन खुणा केल्या. आकडा एकही उच्चारला नाही. तिन्ही खुणा वेगवेगळ्या होत्या. कामटीला वाचता येत नाही, म्हणून ती चुकीचं वाचतही नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी त्यांना चहा दिला आणि टेप उचलला.

खणांची हकीकत थोडक्यात. जागा १८ इंच रुंद, म्हणून खण १८ इंचाला केसभर कमी. टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो, हे चॅनल आणल्यावर कळलं. त्यातल्या सगळ्यात मजबूत खणात हल्ली आमची कोंबडी अंडी उबवते. सिलेंडरचा कप्पा सिलेंडर मोजून केला. वर रेग्युलेटर बसतो हे नकाशात नव्हतं. सिलेंडर घेऊन येणाऱ्या पोरानं त्या बंद कप्प्याकडे पाहून सांगितलं की, हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, तेव्हा आधी तळाशी भोकं पाडा. त्या पोराला मी नववीत विज्ञानात नापास होताना पाहिलं होतं.

भिंतीवरची कपाटं मी माझ्या उंचीनं टांगली. बायकोचा हात पहिल्या फळीपर्यंतच पोचेना. मग तिच्यासाठी घाईघाईत एक स्टूल ठोकलं. त्या सुटीतली ती एकमेव वस्तू अजून डुगडुगत नाही. या सगळ्या काळात आमचा स्वयंपाक अंगणात तीन विटांवर चालला होता. जवळून वाहणाऱ्या नदीचं नाव चुलबंद आहे; गावात लोक आमच्या घराला त्याच नावानं ओळखू लागले होते.

नवतप्याच्या उन्हात मी दारं बसवली. सागवानी फळ्या एकमेकींना चिकटवून केलेले सलग पल्ले, फेव्हिकॉल हात राखून न वापरलेला, दोन दारांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढीच फट. ढिली कारागिरी आपल्याला खपत नाही. शेजारीपाजारी पाहून गेले. चार दिवस मी गावातून हात मागे बांधून फिरलो.

मृग कोरडा गेला. आर्द्रात पाऊस लागला आणि दारं बंद झाली. म्हणजे बंदच होती, ती उघडेनात. आत साखर, चहा, तिखट, मीठ, बाहेर पाहुणे. मी पाय लावून ओढलं तर मूठ हातात आली. बायको म्हणाली, ‘‘आता कायले ओढता जी? पाऊस गेल्यावर पिऊ चहा.’’

वाढईबुवांना बोलावणं गेलं. त्यांनी दारावरून हात फिरवला. ‘‘लाकूड मेलं तरी पानी पेते, गुरुजी. उंचीत नाई वाढत, आडवं वाढते.’’ मी वही काढली. १८ इंच रुंदीचा पल्ला एक टक्का फुगला तरी दीड सूत होतो. मी सोडली होती पोस्टकार्डाची जाडी. आपल्याकडे मे महिन्यातली कोरडी हवा आणि जुलैतली ओली हवा यांत त्याच फळीची दोन मापं असतात, आणि मी त्यातलं एकच घेतलं होतं. टेप खोटं बोलत नाही. तो फक्त ज्या दिवशी लावला त्या दिवसाचं सांगतो.

मग बुवांनी सपरीत उरलेलं आजोबांचं एक दार ओढून काढलं आणि तीच खडखडणारी फळी बोटानं हलवून दाखवली. चौकटीच्या खाचेत ती जाणूनबुजून सैल ठेवलेली होती, डिंक न लावता. पावसाळ्यात खाचेतल्या खाचेत फुगायची, उन्हाळ्यात आकसायची. चौकट तसूभर सरकत नव्हती. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘कारागिरी कशी ढिली होती’’ हे वाक्य तिनं मनात म्हटलं, पण मला ऐकू आलं.

नवं काम बुवांनी केलं. खोकी प्लायवुडची, कारण प्लायचे थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात आणि एकमेकांना फुगू देत नाहीत. मोरीपाशी आयएस ७१० छापाचं, पाण्यात टिकणारं प्लाय, बाकी ठिकाणी आयएस ३०३. दारांना माझ्याच पल्ल्यांच्या चौकटी, मधे सैल फळी. भिंतीवरची कपाटं खाली उतरली. कोठीला जागा मिळाली. दारं आता थोडी खडखडतात आणि बारा महिने उघडतात.

तेव्हा सुटीत हौस आलीच तर स्टूल करा. कपाटंच करायची असतील तर दिवाळीनंतर करा, फळी सैल ठेवा, सूत विचारलं तर इंचात उत्तर द्या, आणि पहिली खूण घरात रांधणाऱ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर करा. वाढईशी मात्र मजुरीची घासाघीस करू नका. तुम्ही त्याला उन्हाळ्याचे पैसे देता. तो काम पावसाळ्याचंही करून जातो.