चाकांवरचे बिऱ्हाड

हयातभर इमानेइतबारे चाकरी करून, शेगडी, शेज आणि शौचकूपासह सारे बिऱ्हाड चाकांवर चढवून न्यूझीलंडच्या मुलूखगिरीस निघालेले वृद्ध दांपत्य माटामाटाच्या मेंढ्यांच्या कुरणात पोहोचते, तेव्हा १९९९ साली चित्रपटासाठी तात्पुरत्या उभारलेल्या आणि पुढे 'द हॉबिट'च्या निमित्ताने कायम झालेल्या हॉबिटन या बुटक्यांच्या कल्पित गावात, टेकडीवरच्या ओकची पाने कृत्रिम आहेत आणि, अंतर्भागाचे चित्रण वेलिंग्टनच्या स्टुडिओत झाल्यामुळे, बहुतेक वर्तुळाकार दारांमागे घरच नाही, हे वाटाड्याच्या मुखातून ऐकूनही ते भक्तिभावाने गहिवरते. पतिराज चिमुकल्या दाराशी छायाचित्रासाठी ओणवे होतात. पत्नी दोरीवर वाळत घातलेल्या, कधी कोणी न ल्यालेल्या कपड्यांकडे कौतुकाने पाहते. स्वतःच्या पक्क्या घराला कुलूप ठोकून परक्याच्या पोकळ दारापाशी हजेरी लावण्याचे, आणि त्याची रीतसर पावती घेण्याचे सुख पेन्शनरांनाच परवडते.