जपान बघायचंय, पण पोळीभाजीसकट

यंदा ज्याच्या त्याच्या तोंडी जपान आहे. युरोप जुना झाला, दुबई तर शेजारची अख्खी सोसायटी करून आली. मग कुणीतरी म्हणतं, "या वेळी शॉपिंग नको, जरा कल्चर बघू या." दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पीडीएफ हजर. सात दिवस, पाच शहरं: टोकियो, हाकोने, क्योटो, नारा, ओसाका. मध्येच 'किमोनो अनुभव' आणि 'चहा-समारंभ, ४५ मिनिटं'. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत: रोज भारतीय जेवण.

म्हणजे संस्कृती बघायची, फक्त तिने आपल्या ताटात यायचं नाही.

शाकाहाऱ्यांची अडचण खोटी नाही, हे आधीच मान्य करतो. मिसो सूप वरून कितीही सोज्वळ दिसलं तरी त्यात बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. मासा नको म्हटलं की तुकडे काढून देतील, अर्क राहतोच. पण याच देशातल्या बौद्ध मठांत शतकानुशतकं 'शोजिन र्‍योरी' रांधतात. त्यात मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. कोयासानच्या डोंगरावर मठात मुक्काम केला की तेच जेवण समोर येतं. तिथल्या विद्यापीठात २०१५ पासून बाबासाहेबांचा पुतळाही उभा आहे. मराठी माणसासाठी इतकं सगळं जुळून आलेलं ठिकाण, पण कार्यक्रमात त्याचा पत्ता नाही. तिकडे वळलं तर ओसाकाचं शॉपिंग बुडतं ना.

मुहूर्ताचंही तसंच. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, टोकियो-क्योटोला साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. तेव्हा आपल्याकडे परीक्षा. म्हणून तारखा सुट्टी लागल्यावरच्या, आणि एप्रिल सरता सरता तिथे सुरू होतो गोल्डन वीक, म्हणजे त्यांच्या सुट्ट्यांचा आठवडा. फुलं गळालेली, रांगा फुललेल्या.

त्यात मागे कधीतरी जाऊन आलेले एक काका असतातच. "आधी रेल्वेचा जेआर पास काढा, डोळे मिटून." काकांच्या वेळी ठीक होतं. सात दिवसांचा पास २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर गेला. नुसतं टोकियो-क्योटो जाऊन-येऊन करणाऱ्याने सरळ तिकीट काढावं. काकांना सांगू नये.

क्योटोच्या फुशिमी इनारी देवळाला पीडीएफने ४० मिनिटं बहाल केली आहेत. नारिंगी कमानींचा बोगदा, फोटो, बस. पूर्ण डोंगराची फेरी दोनेक तासांची. अर्ध्या वाटेवर गर्दी विरळ होते आणि खरी गंमत उतरताना कळते. चढताना कमानी कोऱ्या दिसतात, उतरताना त्यांच्या पाठी दिसतात: खांबांवर काळ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव आणि तारीख. कंपन्या, दुकानदार, व्यापारी. इनारी भातशेतीचा देव, पुढे धंद्याचाही झाला. लाकूड कुजलं की कमान बदलते, नवा देणगीदार नवं नाव लावतो. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' वाचत वर चढणाऱ्याला इथे परकं वाटायचं कारणच नाही. पण त्यासाठी वर जावं लागतं.

२०२४ साली ३ कोटी ६८ लाख परदेशी पाहुणे जपानला गेले. त्याच वर्षी क्योटोच्या गिओनमध्ये गेइशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांसाठी खासगी गल्ल्या बंद झाल्या. शिरलात तर १०,००० येन दंड. फुजीजवळच्या एका गावाने तर लोक फोटोसाठी रस्त्यात उभे राहतात म्हणून डोंगर दिसणार नाही असा काळा पडदाच ताणला. काही महिन्यांनी काढला, पण निरोप पोचला असावा.

खरं तर अनुभवाला तिकीट लागत नाही. लोकल ट्रेनमध्ये फोन न वाजवता अर्धा तास बसून दाखवा. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीत, तेव्हा ठेपल्याचा रिकामा कागद संध्याकाळपर्यंत स्वतःच्या खिशात बाळगा. आपल्याकडे हा प्रश्न तीन सेकंदांत सुटतो. सार्वजनिक स्नानगृहात आधी विवस्त्र होऊन अंग स्वच्छ धुवायचं, मगच सगळ्यांच्या पाण्यात उतरायचं. इथे बहुतेकांचा कल्चरमधला रस अचानक आटतो.

आणि टोकियोच्या असाकुसात सेन्सोजी मंदिर बघून झाल्यावर जवळच्या मात्सुचियामा शोदेन देवळात जा. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपतीच, भारतातून चीनमार्गे आलेला. नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा. मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत. दर्शन नाही, सेल्फी नाही, त्यामुळे ग्रुपला तिथे नेण्यात टूरवाल्यांना काही राम दिसत नाही. मुळा मात्र देवळातच विकत मिळतो.