पेण-रोह्याच्या आळ्या

पेण आणि रोह्यातल्या जुन्या आळ्यांमधले घर दोन गोष्टींचा विचार करून बांधलेले असते: पाऊस आणि चौकशी. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. चौकशी मोजण्याचे यंत्र अजून निघालेले नाही.

अमेरिकेच्या वाळवंटातल्या पाम स्प्रिंग्ज शहरात 1950 च्या दशकात सपाट छपरांची, काचेच्या भिंतींची बैठी घरे उभी राहिली. आज ती पाहायला लोक तिकीट काढतात. पेणची कौलारू घरेही बैठीच, पण ती पाहायला तिकीट लागत नाही. ‘कोणाकडे आलात?’ एवढ्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर लागते. ‘सहज, घरे बघायला’ हे उत्तर समाधानकारक धरत नाहीत. घर विकत घ्यायला आलेला माणूसही हेच सांगतो.

घराची रचना पुढून मागे अशी: दगडी जोते, चार पायऱ्या, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी आणि विहीर. ओटीला लाकडी जाळी असते. ती झड आत येऊ नये म्हणून बसवलेली असली, तरी आतल्याला बाहेरचे सगळे दिसावे आणि बाहेरच्याला आतले काही दिसू नये, ही कामगिरी ती बाराही महिने बजावते. झोपाळ्यावरचे आजोबा झोपलेले वाटतात. प्रत्यक्षात गल्लीतून कोण, कितीच्या सुमारास आणि कोणती पिशवी घेऊन गेले, याची नोंद चालू असते.

छपरावर मंगलोरी कौले. मे महिन्यात ती चाळून घेतात, फुटलेली बदलतात, आणि जूनच्या पहिल्या सरीला छप्पर नव्या जागी गळते. जुनी जागा ठाऊक असल्यामुळे पातेले तिथे ठेवलेले असते. दोष माकडांवर टाकण्याची पद्धत आहे आणि माकडांनी तो आजवर नाकारलेला नाही. पुढे ज्यांच्याकडे पैसे आले, त्यांनी कौले उतरवून सपाट स्लॅब घातला. काही पावसाळ्यांनी स्लॅब ठिबकू लागला, तेव्हा त्यावर लोखंडी खांब रोवून उतरते पत्र्याचे छप्पर चढवले. अशा रीतीने आधुनिक वास्तुकला फिरून कोकणात आली.

पेणच्या कुंभार आळीत आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत घराचे खरे रहिवासी गणपती असतात. ओटीवर, पडवीत, जिन्याखाली मूर्तींच्या रांगा लागतात. सगळी आखणी झाली, तरी डोळ्यांसाठी जाणत्या हाताची वाट पाहावी लागते. तो कारागीर श्वास रोखून बारीक कुंचल्याने बुबुळ टेकवतो आणि तेवढ्यात आलेला पाहुणा विचारतो, ‘केवढ्याला पडेल?’ श्रावणात मूर्ती वाळायला जागा हवी म्हणून घरची माणसे स्वयंपाकघरात सरकतात. अंगणात उन्हाळ्यात पोह्याचे पापड वाळत असतात. त्यांची राखण पोरांकडे असल्याने ते मोजून ठेवण्यात अर्थ नसतो.

पेणहून रोह्याला रेल्वेने कासू, नागोठणे, निडी अशी स्थानके लागतात. रोह्यापर्यंत रूळ 1986 साली पोचले. पुढे इथूनच कोकण रेल्वे सुरू झाली. पॅसेंजर मधे थांबली, तर का थांबली हे डब्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. कारणे मात्र वेगवेगळी असतात.

रोहे कुंडलिका नदीच्या काठी, पलीकडे अष्टमी गाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख इथल्याच घराण्यातले आणि स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्मही 1920 साली इथलाच. त्यामुळे अर्थ आणि परमार्थ या दोन्ही विषयांवर कोणत्याही ओटीवर अधिकारवाणीने बोलले जाते. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर निघते, तिला सशस्त्र पोलीस सलामी देतात. पालखी दारात येणार म्हणून आळी सारवून, रांगोळ्या घालून तयार असते आणि मुंबईला गेलेले भाऊ-पुतणे त्या निमित्ताने घरी येतात.

ते आले की घर विकायची गोष्ट निघते. सातजणांची नावे कागदावर, आठ मते, आणि जेवण झाल्यावर विषय पुढच्या वर्षावर जातो. जिथे वारस एकटा होता, तिथे आता चार मजली इमारत आहे. पेण-रोह्यातली जुनी घरे जी टिकली, त्यांचे जतन कायद्याने थोडे आणि भाऊबंदकीने बरेच केले आहे.