बिनपगारी, फुल मेकअप

ऑफिसात बाईनं कसं दिसावं, याबाबत तमाम एचआर विभागांचं एकमत आहे. मेकअप केलाय असं दिसता कामा नये आणि केलेला नाही असंही दिसता कामा नये. या दोन्हींच्या मधे जी बोटभर फट उरते, तिला ‘प्रोफेशनल लुक’ म्हणतात. अंग चोरून त्या फटीत बसायचं, पुन्हा वर सहज बसल्यासारखं हसायचं.

गेल्या आठ मार्चला आमच्या ऑफिसनं समस्त महिलावर्गाला एक गुलाब, एक चॉकलेट आणि दोन तासांचं ग्रूमिंग वर्कशॉप दिलं. त्याच दोन तासांत शेजारच्या कॉन्फरन्स रूममधे पुरुषमंडळी पुढच्या वर्षाची टार्गेटं ठरवत होती. दोन्ही कार्यक्रम एकाच वेळी ठेवल्यामुळे कामाचा खोळंबा टळला, असं संध्याकाळच्या मेलमधे कौतुकानं लिहिलं होतं. टळला खरा. आमची टार्गेटं आम्हाला आयती मिळाली.

शिकवायला आलेल्या बाई कामात पक्क्या होत्या, हे मात्र म्हटलंच पाहिजे. फाउंडेशनची शेड मनगटावर बघायची नाही. जबड्याच्या कडेला लावायची आणि खिडकीशी जाऊन उजेडात बघायची, कारण दुकानातल्या दिव्यांखाली सगळ्याच शेड आपल्याला शोभतात. सनस्क्रीन नीट मुरू द्यायचं, नाहीतर वरच्या थराच्या बारीक वळ्या सुटतात. पावडर कपाळ, नाक, हनुवटी एवढ्यापुरतीच. लिपस्टिक लावायची, टिश्यूनं टिपायची, परत लावायची, परत टिपायची. शेवटी जे उरतं ते आपल्या ओठांचाच रंग वाटतो. “मग आधीच्या ओठांना काय झालं होतं?” असं अकाउंट्समधल्या एकीनं विचारलं. बाईंनी तिच्याकडे दयेनं पाहिलं आणि कन्सीलरकडे वळल्या.

“हा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात. अगदी मुगाएवढा. तुम्ही थकलेल्या दिसता कामा नये.”

“पण मी थकलेय.”

“असू दे ना. दिसता कामा नये.”

एवढ्या थोडक्यात कंपनीचं मनुष्यबळ धोरण मला आजवर कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मार्च अखेरीला रात्री दहा-साडेदहापर्यंत थांबवून घ्यायचं आणि सकाळी साडेनऊच्या मीटिंगला आठ तास झोपलेला चेहरा मागायचा. झोप द्यायची तर कंपनीला माणसं वाढवावी लागतील. कन्सीलर आम्ही पदरच्या पैशानं आणतो.

आता हे सगळं करायचं कधी? आरशासमोर बसून करायला आरसा आणि बसणं, दोन्ही मोकळं लागतं. म्हणून मुंबईत हा उद्योग चालत्या गाडीत होतो. पश्चिम रेल्वेनं १९९२ साली चर्चगेट–बोरिवली अशी फक्त बायकांची लोकल सुरू केली, तेव्हा आपण जगातली पहिली लेडीज स्पेशल काढतोय एवढंच तिला ठाऊक असावं. फिरती रंगपटाची खोलीही आपणच काढलीय, हे कुणी तिला सांगितलं नाही.

विरारहून सुटणाऱ्या फास्टच्या लेडीज डब्यात खिडकीशी बसलेली एखादी मुलगी नीट पाहा. वसईला तिचं फाउंडेशन लागलेलं असतं. भाईंदरची खाडी येईपर्यंत ते बोटांनी थापटून बसवायचं, खाडीवरच्या वाऱ्यात वाळवायचं. आयलायनर बोरिवलीच्या आत आटोपलं पाहिजे, कारण बोरिवलीला जी गर्दी आत घुसते तिच्या कोपरांना डावा-उजवा डोळा कळत नाही. मुलगी कोपर खिडकीच्या गजाला टेकवते, करंगळी गालाच्या हाडावर रोवते, श्वास धरते आणि पापणीच्या मुळाशी एकच रेघ ओढायला घेते. नेमके तिथेच रूळ सांधे बदलतात. गाडी एक झोका देते, पण रेघ हलत नाही. हात झोक्याबरोबर जातो नि झोक्याबरोबर परत येतो. असा हात एखाद्या शल्यविशारदाचा असता तर त्याचा पेपरात फोटो आला असता.

कधीकधी रेघ बिघडतेही. मग डब्यात सल्लागार मंडळ आपोआप स्थापन होतं.

“अगं, डावा जाड झालाय.”

“राहू दे गं, उजवाही तेवढाच कर.”

“आता उजवा जास्त झाला.”

अशानं अंधेरी येईपर्यंत दोन्ही रेघा कानांच्या दिशेनं निघालेल्या असतात. समोरची मावशी पदराचं टोक जिभेला लावून पुढे करते. ऑफिसात पोचल्यावर हीच मुलगी “काही नाही हो, नुसतं काजळ लावते” असं सांगते आणि सगळे मान डोलावतात. आतापर्यंतचा घाम कुणाला दिसला नाही, म्हणजे मेकअप जमला.

मी एकदा एचआरच्या मॅडमना विचारलं की हा चेहरा जर ऑफिसला हवाय, तर त्याचा खर्च नाही तर निदान वेळ तरी कुठे धरणार? त्या गोड हसल्या. त्यांच्या फाउंडेशनचा रंग जबड्याला बरोब्बर जुळला होता. “उद्या पुरुष दाढीचे पैसे मागतील,” त्या म्हणाल्या.

पुरुषांना मागावं लागत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटीची फेरमांडणी झाली, तेव्हा दाढीचं क्रीम आणि नंतर लावायचं लोशन १८ टक्क्यांवरून ५ वर आलं. तोंडाला लावायची पावडरही आली, कृतघ्नपणा नको. फाउंडेशन आणि लिपस्टिक मात्र १८ वरच राहिली. काजळाबाबत तर सरकारची नजर त्या मावशीहून तीक्ष्ण आहे. डबीतलं काजळ कुंकू-टिकलीच्या पंगतीला बसून करमुक्त. तेच काजळ पेन्सिलीत घातलं की १८ टक्के. म्हणजे बोटानं फासलेलं काजळ ही आपली संस्कृती, आणि नोकरीला जाण्यासाठी सुबक रेघेत ओढलेलं काजळ ही चैन.

परदेशात तरी कुणी हिशेब मांडला असेल असं वाटून मी थोडं वाचलं. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रिनो शहरात डार्लीन जेस्पर्सन नावाची एक बाई हॅराज या कसिनोच्या बारमधे सुमारे वीस वर्षं गिऱ्हाइकांना दारू ओतून देत होती. कामाबद्दल तक्रार नव्हती. २००० साली मालकांनी ‘पर्सनल बेस्ट’ नावाची योजना काढली: बायकांनी पावडर किंवा फाउंडेशन, गालांना लाली, मस्कारा आणि लिपस्टिक लावलीच पाहिजे, पुरुषांनी लावता कामा नये, त्यांनी केस आखूड ठेवावेत. ही बाई मेकअप करेना. नोकरी गेली. २००६ साली अपील कोर्टानं निकाल मालकांच्या बाजूनं दिला. बायकांना यात वेळ नि पैसा जास्त लागतो हे उघडच आहे, तेवढं गृहीत धरा, अशी तिची विनंती होती. कोर्टानं नकार दिला; कागदावर पुरावा नव्हता. तिनं मस्काऱ्याची पावती जोडायला हवी होती. आरशासमोरच्या वेळेची पावती कुठल्या दुकानात मिळते, हे न्यायमूर्तींनी लिहिलेलं नाही.

तेव्हा निष्कर्ष असा निघतो की मेकअप हे कामच नाही. पण थांबा. आमच्याच मुंबईत, सिनेमाच्या धंद्यात, ते कित्येक दशकं इतकं मोठं काम होतं की बायकांना करूच देत नसत. मेकअप कलाकारांच्या आणि केशरचनाकारांच्या संघटनेत बाईला केस विंचरण्यापुरतं कार्ड मिळे. मेकअप कलाकाराचं कार्ड फक्त पुरुषाला. चारू खुराना आणि त्यांच्यासारख्या काहीजणी, रीतसर शिकून आलेल्या, सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, तेव्हा कुठे १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि उदय लळित यांच्या पीठानं ही बंदी रद्द केली. बायका आल्या तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल, असा बंदीमागचा युक्तिवाद होता. २०१४! मंगळाभोवती आपलं यान फिरायला लागून दीड महिना झाला होता.

म्हणजे स्वतःच्या तोंडाला लावलं की ते नटणं, मुरडणं, फार तर टापटीप. दुसऱ्याच्या तोंडाला लावून पैसे घेतले की लगेच कला, कौशल्य, रोजगार, युनियन, कार्ड. ब्रश तोच, स्पंज तोच. आणि काम बिनपगारी आहे तोवर त्यावर हक्क सांगायला कुणीही येत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात आमच्या एमडी साहेबांची कंपनीच्या वार्षिक सभेसाठी फिल्म काढली. कॅमेऱ्याच्या दिव्यांत साहेबांचं कपाळ चमकत होतं, म्हणून मेकअप दादा बोलावले. दादांबरोबर एक मदतनीस, दोन पेट्या आणि घडीची खुर्ची. साहेबांना गॅलरीत बसवून, मानेभोवती टिश्यू खोचून, पाऊण तास काम चाललं. तेवढा वेळ सगळं ऑफिस हळू बोलत होतं. एचआरच्या मॅडम स्वतः चहा घेऊन गेल्या. साहेब बाहेर आले ते वर्कशॉपमधल्या बाईंनी वर्णन केलं होतं तसेच: आठ तास झोपलेले, ओठांना ओठांचाच रंग. “काय फ्रेश दिसताय सर!” असं तीनचार जणांनी म्हटलं. सर म्हणाले, “मी काही लावत नाही बरं का.”

दुपारनंतर एसीतही कपाळ पुन्हा तकाकलं. दादा माझ्या टेबलाशी आले. “ताई, कॉम्पॅक्ट असेल का जरा? साहेबांच्या शेडची आमची संपली.” साहेबांची आणि माझी शेड एकच निघाली. मी डबी दिली.

दादांचं बिल ‘व्यावसायिक सेवा’ या खात्यात टीडीएस कापून चार दिवसांत पास झालं. अकाउंट्समधल्या आमच्या मैत्रिणीनं मला ते गुपचूप दाखवलं. दोन दिवसांची मजुरी, मदतनिसाचे वेगळे, गाडीभाडं, आणि खाली ‘साहित्य’ म्हणून आणखी दीड हजार. त्या साहित्यातली डबी माझी आहे. अजून परत आलेली नाही.